शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम फाऊल करायला शिकवावं का?

फास्टब्रेक_विदर्भ:

१६ वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सराव आखतो आहोत. मागे असताना घड्याळ थांबवण्यासाठी फाऊल करणं त्यात घ्यायचं की नाही, यावर आमच्या प्रशिक्षकांत दोन तट पडले आहेत. एक बाजू म्हणते, शिक्षा नियमातच लिहिलेली आहे आणि ती भोगायची तयारी आहे, मग अन्याय कुठे झाला? दुसरी म्हणते, नियम मोडण्याचा सराव मुळात घ्यायचाच कशाला? आज घड्याळासाठी हात मारतील, उद्या ब्रेकवर (वेगाने बास्केटकडे) निघालेल्या मुलीला मागून ओढतील.

हा डाव रास्त आहे का, आणि असेल तर त्यातलं नेमकं काय शिकवायचं, हे जाणकारांनी सांगावं. आम्ही फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो. फुटबॉल, हॉकी, क्रिकेटवाल्यांनीही लिहा, कारण वाद फक्त बास्केटबॉलचा राहिलेला नाही.

---

टेबल_२४:

आधी हिशोब मांडा, नैतिकतेचं मग बघू. बऱ्याच संघांना हा डाव फायद्याचा आहे की नाही हेच माहीत नसतं.

समजा तुम्ही ६ गुणांनी मागे आहात, एक मिनिट उरलंय आणि चेंडू समोरच्यांकडे आहे. फाऊल केला नाही तर एका हल्ल्याला मिळणारे पूर्ण २४ सेकंद ते खातील, तुम्ही ८ सेकंदांत मारलंत तर २८ उरतील, त्यातले पुन्हा २४ ते खातील. तुम्हाला दीड संधी मिळाली. आता फाऊल करा. तीन-चार सेकंदांत फाऊल, सात-आठ सेकंदांत तुमचा हल्ला, म्हणजे एक फेरी ११ सेकंदांची. मिनिटात पाच फेऱ्या बसतात. समोरच्यांना दहा फ्री थ्रो मिळतील. त्यांचा नेम ६० टक्के असेल तर ६ गुण त्यांचे, आणि बरोबरीसाठी तुम्हाला पाच हल्ल्यांत १२ हवेत, म्हणजे पाचांपैकी चार थ्री पॉइंटर, नाहीतर पाचही हल्ल्यांत बास्केट आणि त्यातल्या किमान दोन थ्री पॉइंटर. नेम ४० टक्के असेल तर ४ गुण त्यांचे, तुम्हाला १० हवेत, म्हणजे प्रत्येक हल्ल्यात एक साधी बास्केट. पहिली गोष्ट जवळजवळ अशक्य, दुसरी अवघड पण होण्यासारखी. समोरच्या संघाचे फ्री थ्रो कसे पडतात हे पहिल्या तीन क्वार्टरमध्ये लिहून ठेवलं नसेल तर हा डाव अंधारातला आहे.

हे सगळं गणित टीम फाऊल (संघाचे सगळे मिळून झालेले फाऊल) भरलेले असतील तरच लागू. क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल झाल्यावर पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. तुमचा एकच फाऊल झालेला असेल तर पुढचे तीन फाऊल केल्यावर समोरच्यांना फक्त साइडलाइनवरून चेंडू मिळतो. दहा-बारा सेकंद गेले आणि चेंडू त्यांच्याकडेच. म्हणून चौथ्या क्वार्टरच्या मध्यापासून टेबलावरच्या टीम फाऊलच्या आकड्याकडे बेंचवरच्या एकीचं लक्ष हवं.

आता रास्त की नाही. फिबाचा रेफरी तुमच्या मनातला हेतू शोधत बसत नाही, तो संपर्क कसा झाला ते बघतो. चेंडूवर खेळण्याचा खरा प्रयत्न होता का? असेल तर साधा फाऊल. जर्सी धरली, मिठी मारली, वेगात सुटलेला हल्ला उगाच अडवला, किंवा बास्केटकडे मोकळ्या निघालेल्या खेळाडूला मागून वा बाजूने धक्का दिला, तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्ती सोडून केलेला फाऊल: दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. असे दोन झाले की ती खेळाडू सामन्यातून बाहेर. म्हणजे कुठला फाऊल खेळाचा भाग आणि कुठला नाही, ही रेघ नियमानेच मारून ठेवली आहे. रेघेच्या आतला फाऊल शिकवण्यात मला काही गैर वाटत नाही. घड्याळ थांबतं, त्याबदली समोरच्याला कुणी अडवायला नसताना दोन नेम मिळतात. हा सौदा दोघांनाही आधीपासून माहीत असतो.

---

सहावी_शिट्टी:

फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवणाऱ्याला हा 'सौदा' शब्द पटत नाही. शिक्षा म्हणजे किंमत नव्हे. ज्याच्यावर फाऊल झाला त्याने हा व्यवहार मागितलेला नसतो.

२ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वे विरुद्ध घाना. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, १-१. घानाच्या अदियियाहचं हेडर गोलरेषेवर उरुग्वेच्या सुआरेझने हातांनी अडवलं. रेड कार्ड, पेनल्टी, दोन्ही शिक्षा अचूक दिल्या गेल्या. घानाच्या असामोआ ग्यानची पेनल्टी क्रॉसबारवर आदळली आणि उरुग्वे शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलं. रेफरीने काही चुकवलं नाही, तरीही घानाचं जे गेलं ते परत मिळालं नाही. चेंडू रेषा ओलांडणारच होता, तो जवळजवळ पूर्ण एक गोल. त्याच्या बदल्यात मिळाली पेनल्टी, आणि चारपैकी साधारण तीनच पेनल्टी गोल होतात. उरलेला पाव गोल सुआरेझच्या खिशात गेला. रेड कार्डाचं म्हणाल तर खेळायला वेळच उरला नव्हता, दहा जण असण्याचा तोटा कुणाला झाला? तो उपांत्य फेरीला मुकला, पण उपांत्य फेरी मिळाली हीच त्या हाताची कमाई.

दुसरं उदाहरण तुमच्या मुलींच्या जास्त जवळचं आहे. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरो स्पर्धेचा अंतिम सामना. इंग्लंडचा साका इटलीच्या कियेलिनीला चकवून टचलाइनजवळून निसटला आणि कियेलिनीने त्याची कॉलर मागून धरून त्याला खाली ओढलं. यलो कार्ड. रेडसाठी गोलची स्पष्ट संधी हिरावली जायला हवी आणि त्यात चार गोष्टी बघतात: गोलपासूनचं अंतर, हल्ल्याची दिशा, चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता, आणि बचाव करणारे किती जण कुठे उभे आहेत. तिथे गोल लांब होता आणि बचावाला माणसं होती, म्हणून नियमाप्रमाणे यलोच योग्य. पण गळ्याशी कापड आवळून धावत्या माणसाला मागे खेचणं ही कृती बघा. तिला 'हुशार फाऊल' म्हणून टाळ्या मिळाल्या, आणि त्या टाळ्या १६ वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत दिसतात. मानेला, खांद्याला, पडताना मनगटाला इजा होते.

नियम हलतो, पण उशिरा. १९८० च्या एफए कप अंतिम सामन्यात आर्सेनलच्या विली यंगने गोलकडे एकट्या निघालेल्या १७ वर्षांच्या पॉल अॅलनला मागून पाडलं, तेव्हा त्यासाठी मैदानाबाहेर काढायची तरतूदच नव्हती. पुढे अशा फाऊलला रेड आलं. २०१६ मध्ये पुन्हा बदल झाला: पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नात फाऊल झाला तर पेनल्टी आणि यलो पुरे, ओढणं, धरणं, ढकलणं असेल तर रेडच. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. चेंडूसाठी गेलेला पाय आणि माणसासाठी गेलेला हात यांना नियम आता एका तागडीत तोलत नाही.

---

डी_सर्कल:

हॉकीत हे बऱ्यापैकी सुटलंय, कारण हॉकीचा अंपायर हेतू बघतो आणि हेतू दिसला की शिक्षा एक पायरी वर चढते.

बचाव करणाऱ्याकडून डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर पण २३ मीटरच्या रेषेच्या आत चुकून फाऊल झाला तर फ्री हिट. तोच फाऊल मुद्दाम केला तर पेनल्टी कॉर्नर. डीच्या आत नकळत झालेल्या फाऊलला पेनल्टी कॉर्नर. पण चेंडू ज्याच्याकडे आहे किंवा जो तो खेळू शकतो त्याच्यावर मुद्दाम केला, किंवा कसाही होऊन होणारा गोल हुकला, तर पेनल्टी स्ट्रोक. ६.४० मीटरवरून, समोर एकटा गोलरक्षक. मुद्दाम चेंडू बॅकलाइनबाहेर घालवला तरी कॉर्नर बसतो. वर कार्ड: हिरवं दोन मिनिटं, पिवळं किमान पाच मिनिटं. १५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं दहा जणांनी काढणं म्हणजे काय, हे बेंचवर बसलेल्याला बरोबर कळतं.

पण याचा एक परिणाम झाला, तो लक्षात घ्या. शिक्षा जिथे महाग झाली तिथून फाऊल निघाला आणि स्वस्त जागी जाऊन बसला. चेंडू हरवल्या हरवल्या फॉरवर्ड तिथेच, समोरच्यांच्या अर्ध्यात, काठीवर काठी मारतो किंवा पाच मीटर मागे हटत नाही. तिथे फक्त फ्री हिट जाते आणि आपला बचाव सावरतो. फुटबॉलमध्येही चेंडू गेल्यावर मधल्या पट्ट्यात होणारे बारीक फाऊल याच जातीचे. अंपायरने पहिल्याच वेळी हिरवं काढलं तर ते थांबतं, तिसऱ्यांदा काढलं तर सामन्याची लय आधीच मोडलेली असते.

---

मिड_ऑन:

वरच्या सुआरेझच्या मुद्द्याला क्रिकेटची जोड देतो. शेवटच्या क्षणी केलेल्या फाऊलपुढे मैदानातली शिक्षा लंगडी पडते.

१६ ऑगस्ट २०१०, श्रीलंकेतलं दांबुला. भारताला जिंकायला एक धाव, सेहवाग ९९ वर. श्रीलंकेच्या सूरज रणदीवने मोठं पाऊल टाकून नो-बॉल टाकला. सेहवागने षटकार मारला, पण नो-बॉलची धाव आधी धरली गेली, सामना तिथेच संपला आणि सेहवाग ९९ वर नाबाद राहिला. फलंदाजी करणाऱ्या संघाला नो-बॉलची धाव मिळते, ही शिक्षा. इथे ती शिक्षाच हत्यार म्हणून वापरली गेली. शेवटी श्रीलंकेच्या मंडळाला सामन्याबाहेर कारवाई करावी लागली: रणदीववर एका सामन्याची बंदी, त्याचा सहकारी दिलशानला दंड.

आजच्या कायद्यात, २०१७ च्या संहितेपासून, पंचाला मुद्दाम पुढच्या पायाचा नो-बॉल वाटला तर तो गोलंदाज त्या डावात पुन्हा गोलंदाजी करू शकत नाही. डावाच्या मध्यावर ही शिक्षा कडक आहे. दांबुलाच्या त्या चेंडूवर मात्र तिचा काही उपयोग झाला नसता, कारण डावच उरला नव्हता.

याउलट मुद्दाम शॉर्ट रनचा नियम बघा. स्ट्राइक हवी तशी ठेवायला फलंदाजाने क्रीजला न टेकवता मुद्दाम परत फिरायचं ठरवलं, तर त्या चेंडूवर पळून काढलेल्या सगळ्या धावा रद्द आणि वर क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना ५ धावा. शिक्षा कमाईपेक्षा मोठी आहे, म्हणून कुणी त्या वाटेला सहसा जात नाही. रग्बीनेही हाच रस्ता धरला. होण्याची शक्यता असलेला ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) फाऊलने अडवला तर रेफरी पेनल्टी ट्राय देतो; २०१७ पासून त्याचे थेट ७ गुण, कन्व्हर्जनची किकही मारावी लागत नाही, आणि फाऊल करणाऱ्याला कार्ड मिळतंच. फुटबॉलने असा 'पेनल्टी गोल' का आणू नये? रेषेवर हाताने अडवलेल्या चेंडूबद्दल कुणाच्या मनात शंका असते?

---

सहावी_शिट्टी:

@मिड_ऑन, त्या एका प्रसंगात शंका नसते, मान्य. पण मागे डिफेंडर घसरत येतोय, चेंडू उसळतोय, अशा वेळी 'झालाच असता' म्हणणं फार कठीण. चेंडूने रेषा ओलांडल्याशिवाय गोल नाही, हे फुटबॉलचं मूळ आहे आणि रेफरीच्या अंदाजावर गोल देणं त्यात बसत नाही. रग्बीत एका ट्रायने सामना सहसा ठरत नाही, फुटबॉलमध्ये एका गोलने ठरतो. तरीही फक्त रेषेवरच्या मुद्दाम हातापुरता अपवाद करायला माझी हरकत नाही.

---

उलट_खो:

आपल्या मातीतल्या खेळांकडेही बघा. खो-खोच्या पारंपरिक नियमांत पाठलाग करणाऱ्याने फाऊल केला, उदाहरणार्थ दिशा घेऊन मागे फिरला किंवा मधली रेषा ओलांडली, तर पंच त्याला उलट्या दिशेने जायला लावतो, आणि त्या फाऊलच्या जोरावर कुणी बाद झाला असेल तर तो बाद धरत नाहीत. फाऊलने मिळवायचं असतं ते अंतर आणि वेळ, आणि शिक्षेत नेमकं तेच जातं. म्हणून मुद्दाम फाऊल करायचं कुणाला सुचतही नाही. कबड्डीत चढाईपटूचे केस किंवा कपडे धरून अडवलं तर तो बाद होत नाही, हेही त्याच तत्त्वाचं.

एक फरक मात्र प्रशिक्षकांनी मुलांना नीट सांगायला हवा. कबड्डीत एकच गडी उरला असेल आणि वेळ शिल्लक असेल, तर काही संघ लोण (सगळा संघ बाद होणं) लांबवत बसण्यापेक्षा समोरच्यांना त्या गड्याचा एक आणि लोणाचे दोन जादा गुण देऊन सगळे सात गडी परत आत आणतात. हा तोटा स्वतः पत्करून घेतलेला डाव आहे. त्यात कुणाच्या अंगाला हात लागत नाही आणि कुठला नियमही मोडत नाही. अशा डावाला आणि फाऊलला एकाच वर्गात टाकू नका.

---

फास्टब्रेक_विदर्भ:

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. @टेबल_२४, दोन गोष्टी राहिल्या. समोरच्या संघातल्या फ्री थ्रो न येणाऱ्या मुलीला हेरून, चेंडू तिच्याकडे नसताना फाऊल करणं चालेल का? आणि आपण तीन गुणांनी पुढे असताना फाऊल करण्याबद्दल काय मत?

---

टेबल_२४:

पहिल्याचं उत्तर सरळ नाही. अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये हे भरपूर झालं. डिसेंबर १९९७ मध्ये डलासचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी शिकागोच्या रॉडमनवर ही युक्ती वापरली. त्यासाठी मैदानात पाठवलेला बब्बा वेल्स तीन मिनिटांच्या आत सहा फाऊल करून बाहेर गेला, रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो घातले आणि डलास हरलं. पुढे शकील ओ'नीलवर हीच युक्ती इतकी झाली की तिला त्याचंच नाव चिकटलं. त्याचा नेम कारकिर्दीत सुमारे ५३ टक्के, म्हणजे दोन नेमांत साधारण एक गुण. त्याला बास्केटखाली मोकळं खेळू देण्यापेक्षा हे परवडायचं. पण बघणाऱ्यांना खेळाऐवजी रांगेने फ्री थ्रो बघावे लागले. २०१६-१७ पासून एनबीएने प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांब केलेल्या अशा फाऊलला एक फ्री थ्रो आणि चेंडू पुन्हा त्याच संघाकडे, अशी शिक्षा लावली. २०२२-२३ मध्ये वेगवान हल्ला मुद्दाम तोडण्यालाही तीच शिक्षा आली, फक्त चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं सोडून. मागे असलेल्या संघाने घड्याळासाठी केलेला फाऊल त्यांनीही खेळात ठेवला आहे.

फिबात चेंडूपासून लांब असलेल्या मुलीला जाऊन धरलं तर तो चेंडूवर खेळण्याचा प्रयत्न ठरतच नाही, थेट अनस्पोर्ट्समनलाइक. आणि नियम बाजूला ठेवला तरी १५ वर्षांच्या मुलीला तिच्या कमकुवतपणासाठी हेरून दहा वेळा सगळ्यांसमोर फ्री थ्रोच्या रेघेवर उभं करणं मला मान्य नाही. ज्या मुलीकडे पास गेला तिच्यावर फाऊल करा. डिफेन्सने पास कमी नेम असलेल्या मुलीकडे जायला भाग पाडलं तर ते कौशल्य आहे.

तीन गुणांनी पुढे असताना, पाच-सहा सेकंद उरल्यावर, शॉटच्या आधी फाऊल करून समोरच्यांना दोनच फ्री थ्रो द्यायचे, हा डाव कागदावर चांगला आहे. या वयात तो फसतो. मुलीने थ्री पॉइंटरसाठी उडी घेतल्यावर फाऊल झाला की तीन फ्री थ्रो, बास्केट पडली तर चार गुणांची संधी. शिवाय दुसरा फ्री थ्रो मुद्दाम हुकवून रिबाउंड घेतात. रेघेवर बचावाच्या तीन आणि हल्ल्याच्या दोन असतात, तुमच्या तिघींनी बॉक्स-आउट (अंगाने आडवं उभं राहून समोरचीला चेंडूपासून लांब ठेवणं) नीट केलं नाही तर सगळं मुसळ केरात. मी १६ खालच्या संघाला हे शिकवणार नाही. सरळ हात वर करून थ्री पॉइंटर अडवायला शिकवा.

जे शिकवायचं ते असं घ्या. पाच विरुद्ध पाच, घड्याळावर दीड मिनिट, तुमचा संघ ५ ने मागे, टीम फाऊल ३. चौथा फाऊल फक्त साइडलाइनचा, पाचव्यापासून फ्री थ्रो, हे मुलींनी स्वतः मोठ्याने मोजायचं. पास आला की आधी दोघींनी ट्रॅप लावायचा, म्हणजे चेंडूवालीला दोन बाजूंनी घेरायचं, आणि दोन सेकंद खरोखर चेंडू काढायचा प्रयत्न करायचा. निम्म्या वेळा तिथेच चेंडू मिळतो किंवा पाच सेकंदांची शिट्टी वाजते आणि फाऊलची गरजच पडत नाही. नाहीच मिळाला तर समोर उभं राहून चेंडू धरलेल्या हाताकडे एक हात, पाय जागेवर. मागून नाही, जर्सी नाही, मिठी नाही. ज्या मुलीचे चार फाऊल झालेत तिने फाऊल करायचा नाही. दोन-तीनवाली पुढे येईल, आणि ती कोण हे टाइमआऊटमध्येच ठरवा. कुणी ब्रेकवर मोकळी सुटली तर तिला जाऊ द्या, दोन गुण गेले तरी चालतील. @सहावी_शिट्टी यांच्याशी यात मी पूर्ण सहमत आहे: मागून ओढायला शिकलेली मुलगी पुढे कधीतरी कुणाचा तरी गुडघा घालवते.

बहुतेक संघ आणखी एका जागी फसतात. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू साइडलाइनवर, अजून हातातून सुटलेला नसताना आत कुणाला फाऊल केला, तर २०२२ पासूनच्या नियमात तो थ्रो-इन फाऊल: टीम फाऊल कितीही असोत, एक फ्री थ्रो आणि चेंडू परत त्यांचाच. घाईत मुली नेमकं हेच करतात. पास हातातून सुटेपर्यंत हात मागे, तो घेतला गेला की ट्रॅप, आणि फाऊल त्यानंतर. सरावात पास सुटायच्या आधी हात लागला की ती फेरी पुन्हा पहिल्यापासून घ्या.